धुऱ्यापल्याडची चव

आमच्या गावात भाजीला मीठ बरोबर आहे की नाही हे ठरवायचा हक्क एकाच जिभेला होता, आणि ती जीभ माझ्या नवऱ्याच्या तोंडात होती. लग्न असो, बारसं असो, विहारातलं पौर्णिमेचं भोजन असो, वांग्याची भाजी होत आली आणि कढईखालचा जाळ मागं ओढला की आमच्या दारात हाक यायचीच, "भाऊ, चला, भाजी झाली." मग हे चप्पल शोधणार. चप्पल समोर असली तरी शोधणार. जाऊन कढईपाशी उभे राहणार, तळहातावर पळीभर रस्सा घेणार, डोळे मिटून चाटणार, आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागेपर्यंत गप्प बसणार. मग म्हणणार, "बसवा पंगत." हे दोन शब्द कानावर पडल्याशिवाय आमच्या वस्तीत कोणी पत्रावळीला हात लावत नव्हतं. नवरदेव उपाशी असला तरी नाही.

मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. गावातल्या निम्म्या लोकांना पाढे माझ्यामुळे येतात. पण परगावचा कोणी विचारायला लागला की लोक माझी ओळख सांगायचे, "त्या चाखनाऱ्या भाऊच्या घरच्या बाई." मला राग यायचा. शिवाय ही नामांकित जीभ घरात माझ्या स्वयंपाकाबद्दल 'बरं झालं' याच्या पलीकडे कधी गेली नाही.

तर त्याच जिभेच्या मुळाशी, उजव्या बाजूला, गाठ निघाली. तंबाखूची करणी. मी आधी रडले, मग त्यांच्यावर इतकी ओरडले की अंगणातलं कुत्रं उठून दुसऱ्याच्या अंगणात गेलं. हे शांत. म्हणाले, "झालं का तुमचं? मंग पिशवी भरा."

संभाजीनगरला खोली घेऊन दीड महिना राहिलो. शनिवार-रविवार सोडून रोज शेक. रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात. प्लास्टिकची एक जाळी गरम पाण्यात मऊ करून त्यांच्या चेहऱ्यावर दाबली, ती कडक झाली की हुबेहूब त्यांच्या नाकाडोळ्यांचा मुखवटा तयार. रोज तो चेहऱ्यावर बसवून डोकं टेबलाला पक्कं करायचं, म्हणजे मान हलायला नको आणि किरण भलतीकडे जायला नकोत.

पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. तरुण होत्या, माझ्या शेवटच्या चौथीच्या वर्गात शोभल्या असत्या. म्हणाल्या, "नेम गाठीवरच धरतो. पण गाठीपर्यंत पोचायचं तर वाटेतल्या चांगल्या मांसातूनच जावं लागतं. शेजारच्यांनाही थोडं लागतं. कानाखालच्या लाळेच्या ग्रंथी, जीभ, कातडी. तोंड कोरडं पडेल. चव जाईल. चव बहुतेकांची परत येते, पण कधी आणि किती, ते मी आज सांगू शकत नाही."

हे म्हणाले, "म्हनजे वारा सुटल्यावर तणनाशक मारल्यावानी."

बाई गोंधळल्या. मग मला शिकवायला मिळालं. मी सांगितलं, वावराचा जो बांध असतो त्याला आम्ही धुरा म्हणतो. आपण आपल्या धुऱ्याच्या आत गवतावर फवारा मारतो, पण वारा असला की तो पल्याड शेजाऱ्याच्या कपाशीवर जातो आणि तिची पानं आक्रसतात. तिचा काही गुन्हा नसतो. बाई हसून म्हणाल्या, "तसंच समजा. फक्त वारा कमीत कमी राहील एवढं आम्ही बघतो."

हे उदाहरण यांना उगीच सुचलं नव्हतं. माझ्या दिराने एका वर्षी मारलेलं तणनाशक आमच्या कपाशीवर आलं होतं, आणि तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. खोलीवर आल्यावर यांनी मला दिराला फोन लावायला लावला. गाठीनं यांचा घसा बसलेला, म्हणून मीच बोलले, "तुमचे दादा म्हणतात, वाऱ्यापुढं तुमचा तरी काय इलाज होता." दीर म्हणाला, "वहिनी, म्या तवा वारा नाही असं पाहूनच मारलं होतं. पन आता राहू द्या." असा तो समेट झाला.

गावी परतलो तर गाठ गेली होती, पण गाठीच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचे हाल सुरू झाले होते. उजव्या गालावर दाढी उगवायचीच थांबली. डावीकडची मात्र दुप्पट जोमात. न्हावी वस्तरा हातात घेऊन बघत राहिला आणि रुसल्या आवाजात म्हणाला, "भाऊ, अर्धी दुसऱ्याकून करून आले का?" मग मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला, केसांचा एक चौकोन उडाला. किरण समोरून आत शिरतात ते तिकडून बाहेर पडतात, हे मी गल्लीला समजावून सांगितलं. माझी नणंद गावातच दिलेली आहे. ती लक्ष देऊन ऐकत होती. तिनं विचारलं, "मंग त्या टायमाले दादाच्या मांगं कोन उभं होतं?"

"कोणी नाही. भिंत होती."

"भिंतीले काही झालं नाही?"

मी म्हटलं, भिंतीला काय व्हायचंय! पण तिचं एवढ्यावर भागलं नाही. तिच्या मुलीचं लग्न ठरत होतं, आणि दादाच्या अंगात किरण शिल्लक असतील, ते पोरीला बाधतील, असं तिनं मनाशी धरलं. हे तिच्याकडे गेले की चहा वेगळ्या कपात यायचा. तो कप मग बाहेर न्हाणीच्या दगडावर पालथा. मी एकदा रागाने तिच्या दारातच उभी राहून सांगितलं, बाहेरून दिलेला शेक अंगात राहत नाही, मशीन बंद झालं की संपलं, डॉक्टरीणबाईंनी एका ताटात जेवा म्हणून सांगितलंय. ती म्हणाली, "ते डॉक्टरीण जेवते काय त्याच्या ताटात?"

शेजारणीची कोंबडी अंडी देईना झाली, त्याचाही आळ यांच्यावर. कोंबडी म्हातारी झाली होती हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कोंबडीलासुद्धा. पण यांच्या मागच्या चौकोनाकडे बघून शेजारीण म्हणायची, "निंगाले असतीन ना एखांदे किरण इकून."

दवाखान्यातून तो जाळीचा मुखवटा आम्हाला देऊन टाकला होता. मी म्हटलं, फेकून द्या. यांनी तो रस्त्याकडेच्या वावरात, वांग्याच्या वाफ्यात, बांबूवर बसवला आणि खाली आपला जुना सदरा चढवला. पाखरं येईनाशी झाली हे खरं, पण माणसं थांबायला लागली. आमच्याकडच्या लग्नांना मंडप आणि भांडी पुरवणारे एक चाचा आहेत. ते मला बाजारात म्हणाले, "भाभी, भाईसाब को तीन बार सलाम किया, जवाब नहीं दिया. नाराज हैं क्या?" दीर तर घरी येऊन माझ्यावरच चढला, "दवाखान्यातून आलेला मानूस, अन् भर उन्हात उभा करता! काऊन असं करून राह्यल्या वहिनी?" त्या वेळी हे आत पंख्याखाली झोपलेले.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. चवीचं तसं नव्हतं. सकाळी चहा घेतला की हे म्हणायचे, "गरम हाय." बस. पुढं काही नाही. भाकरी चावत राहायचे, लाळ नाही म्हणून ती गिळायला पाण्याचा घोट घ्यायचे, आणि एकदा म्हणाले, "कागद खाल्ल्यावानी वाटते." तोंडात फोड आले होते, तिखट-मीठ झोंबायचं. म्हणून मी घरातलं तिखट बंद केलं, मीठ नावालाच ठेवलं, आणि वेगळा स्वयंपाक कोण करणार म्हणून मीही तेच खायला लागले. घरात माणसं दोन, शेक एकाला, आणि जीभ दोघांची मेली.

एक दिवस दाराला कडी लावून यांनी मला बसवलं. "लाळ नाही म्हन, घसा दुखते म्हन, काहीबी म्हन. पन चव गेली, हे कोनाले सांगू नको."

"का? त्यात काय लाजायचं?"

"मंग मले बोलावतीन कायले?"

खरंच होतं ते. यांना ग्रामपंचायतीत कोणी विचारत नव्हतं. कपाशी-सोयाबीनचं सांगावं तर प्रत्येकाकडे मोबाइल. पोरं पुण्यात, ती फोनवर मला विचारतात, यांना नाही. अख्ख्या गावाला यांच्याकडून एकच गोष्ट हवी असायची आणि ती यांच्यापाशी उरली नव्हती. मी म्हटलं, नाही सांगणार.

मग विहारातलं पौर्णिमेचं भोजन आलं. कढईवर दरवेळी दीरच असतो. त्यानं मीठ घातलं आणि लाकडं बघायला गेला. तेवढ्यात दुसऱ्या एकाला वाटलं मीठ राहिलं, त्यानंही तेवढंच ओतलं. हे आले. तळहातावर रस्सा घेतला, डोळे मिटले. एरवीपेक्षा जास्तच वेळ मिटले. मग डोळे उघडून म्हणाले, "बसवा पंगत."

मी पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. शपथेवर सांगते, समुद्राचं पाणी बरं. मी आजूबाजूला पाहिलं. सगळे मान खाली घालून खात होते. आमची माणसं म्हणजे लग्नातल्या जेवणाला नावं ठेवायला दोन गावं ओलांडून जाणारी. पण कोणी हूं की चूं केलं नाही. एक म्हातारेबुवा तर ठसका आवरत म्हणाले, "वा भाऊ, वा!" पाण्याचे जार संपले, चाचांना टेम्पो पाठवून पुन्हा आणावे लागले. ते म्हणाले, "भाभी, आज खाना था कि पानी का जलसा?" आणि लगेच तोंड फिरवून भांडी मोजायला लागले.

हे बाजूला घरून नेलेला दहीभात खात बसले होते. मला म्हणाले, "लोकं पानी लय पिऊन राह्यले. तिखट झाली का?"

"हो, जराशी."

"मले वाटलंच," हे म्हणाले, आणि खूश झाले.

मी ठरवलं, आता हे आपणच सांभाळायचं. गावाला पत्ता लागू द्यायचा नाही. पुढच्या खेपेला एका घरी साखरपुडा होता. मी मदतीच्या निमित्ताने आधीच जाऊन पोचले, दीर पाणी प्यायला वळला तशी पळीतला रस्सा चाखला. मिठाचा कणही नाही! मी पिशवीतलं मीठ अंदाजाने घातलं, ढवळलं, पुन्हा चाखलं. झकास. मोठ्या समाधानाने बाजूला जाऊन उभी राहिले. हे आले, चाखलं, "बसवा पंगत" म्हणाले आणि मंडपाकडे गेले. त्यांची पाठ वळते न वळते तोच दिरानं गोणपाटाखालून मिठाची थैली काढली आणि कढईत रिकामी केली.

मी किंचाळले, "अहो, काय करता हे!"

"वहिनी, तुमी बाजूले व्हा."

"अहो, मीठ मी घातलंय!"

त्याच्या हातातली थैली तशीच राहिली. "तुमी? तुमाले कोनं सांगतलं?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्या पौर्णिमेलेच समजलं साऱ्यायले. भाजी तोंडात घालवेना अन् दादा म्हनते बसवा पंगत. उद्या दादा म्हनले अजून टाका, तर नाही कोन म्हनन? मंग आमचं ठरलं, दादाले अगुदर चाखू द्याचं, मंग मांगून मीठ टाकाचं. म्हनजे मीठ आपल्या हाती राह्यते अन् दादाचा मान बी राह्यते."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"हाव. तुमाले सोडून. तुमाले वाईट वाटन म्हनून तुमाले सांगाचं नाही, असंबी ठरलं होतं."

मला राग आला आणि रडू आलं, दोन्ही एकदम. ज्या गावापासून मी जीव मुठीत धरून गोष्ट लपवत होते, ते गाव तीच गोष्ट माझ्यापासून लपवत होतं. पण तिथं रडायला वेळ नव्हता. खारटपणा शोषायला चाचांकडून बटाटे मागवले, आणि मी बटाट्याच्या फोडी फार मोठ्या केल्या म्हणून दिरावर मनसोक्त ओरडून घेतलं. तेवढ्याने जरा बरं वाटलं. भाजी मात्र सुधारली नाही. लोकांनी ती पुन्हा मान खाली घालून खाल्ली.

त्यानंतर घडी बसली. पंगत कोणाचीही असो, यांनी 'बसवा' म्हटल्यावरच मीठ. नवी सून गावात आली की बायका तिला ही गोष्ट आधी सांगत. मंडपाच्या सामानात चाचा आता एक जादा गोणपाट आठवणीने आणत, थैली झाकायला. आणि हे दर वेळी तो फिका रस्सा डोळे मिटून चाटत आणि म्हणत, "बसवा पंगत." लोक म्हणत, "वा भाऊ!" मला वाटायचं, जाऊन यांचा हात धरावा आणि घरी न्यावं. पण घरी येऊन हे मला सांगायचे, "पाह्यलं? कोनाले समजलं बी नाही." मी म्हणायचे, "नाही ना."

हळूहळू चव परतायला लागली. पण तीसुद्धा बघा कशी. सगळ्यात आधी कडू आलं. मी कारलं केलं तर हे ताटावरून ओरडले, "कडू हाय!" मी आनंदाने आठवडाभर कारलंच केलं, शेवटी यांनी हात जोडले. मग आंबट आलं. चहाची गोडी आली. वावरात हिरव्या मिरचीचा तुकडा दाताखाली धरला तर थयथय नाचले, आणि नाचून झाल्यावर हसले. फक्त मीठ येईना. रोज जेवताना थांबायचे, जीभ टाळूला लावून बघायचे, मान हलवायचे. "सारं येऊन राह्यलं, मीठ नाही येऊन राह्यलं." भाजी चाखणाऱ्याला सगळं आलं आणि मीठ नाही आलं, तर त्याचा काय उपयोग? मी समजूत घालायचे, येईल. मनात म्हणायचे, हा फवारा तेवढा कायमचा जाळून गेला.

नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं. अंगणात मंडप, मागच्या बाजूला कढई. नणंदेनं स्वतः येऊन यांना सांगितलं, "दादा, भाजी तुमीच चाखाची." हळद लावताना मात्र मामाला जरा लांबची खुर्ची दिली होती. ते मी पाहिलं आणि गिळलं.

भाजी झाली. हे आले. कढईपाशी दीर, चाचा, मी. दिराचा पाय गोणपाटावर. यांनी तळहातावर रस्सा घेतला, डोळे मिटले, चाटला. पुन्हा चाटला. आणि डोळे उघडून 'बसवा' म्हणालेच नाहीत.

"मीठ लागून नाही राह्यलं," हे म्हणाले.

दिरानं पाय गोणपाटावर आणखी घट्ट रोवला.

"वांगं लागलं. खोबरं लागलं. लसूण लागला. मीठ नाही लागलं." मग खाली बघत म्हणाले, "म्या तुमच्यापासून लपोलं. शेकानं माही चव गेली होती. वर्षभर म्या खोटंच चाखून राह्यलो. बाकी सारं वापस आलं, मीठ नाही आलं. आज भाचीचं लगन हाय, आज खोटं नाही बोलत. दुसऱ्या कोनाले चाखू द्या. अन् यापुढं मले नका बोलावू."

दीर पुढं झाला. "दादा, मीठ टाकलंच नाही."

"राहू दे. माही समजूत नको काढू."

"भाईसाब, कसम से, नमक है ही नहीं इसमें," चाचा म्हणाले.

"चाचा, तुमी बी?" हे कसनुसे हसले.

मी म्हटलं, "अहो, खरंच नाही मीठ! मी सांगते ना!" यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बायको काय, ती धीर देणारच. वर्षभर आम्ही सगळ्यांनी मिळून यांना वा वा म्हटलं होतं, आणि आता जन्मात पहिल्यांदा खरं बोलत होतो तर आमच्यात विश्वास ठेवण्यासारखा एक माणूस उरला नव्हता. हे हात धुवायला नळाकडे वळले.

तेवढ्यात नणंद आली. हाताला हळद, डोक्यावरचा पदर सुटलेला. पंगतीला उशीर का होतोय ते विचारायला आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं यांचं मनगट धरलं, हात आपल्याकडे ओढला, आणि तळहातावर जो रस्सा उरला होता, यांनी चाटून उरलेला, तो बोटाने निपटून जिभेवर ठेवला.

तिचं तोंड असं वाकडं झालं की ते नाटक म्हणून कोणाला करता येणार नाही.

"अय माय! निरा फिका! दादा, ह्याच्यात मीठच नाही!"

हे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग आपल्या तळहाताकडे. मग पुन्हा तिच्याकडे. "तू माह्या हातचं चाखलं?"

"मंग काय करू? तिकडं वऱ्हाड भुकेलं बसलं, अन् इकडं तुमची पंचायत चालू हाय!" ती ओरडली, आणि ओरडता ओरडता रडायला लागली.

दिरानं गोणपाट बाजूला केलं. थैली बाहेर काढली. मग सगळं सांगितलं, अडखळत, पहिल्या पौर्णिमेपासून. हे एकेक विचारत गेले.

"म्हनजे ते पौर्णिमेची भाजी…"

"खारट होती दादा. लय खारट."

"अन् साऱ्यायनं खाल्ली?"

"हाव."

"कोनी काही बोललं नाही?"

"नाही."

हे मंडपाकडे बघत उभे राहिले. तिथं सगळं गाव बसलं होतं, रिकाम्या पत्रावळी पुढं घेऊन. आणि मला तिथंच, कढईच्या धगीत, डोक्यात लख्ख झालं. घरात मीठ मी नावालाच ठेवलेलं, फोड बरे झाले तरी तसंच. पंगतीत यांच्या तळहातावरचं मीठ गावानं बंद केलेलं. या माणसाला वर्षभर कोणी धड मीठ दिलंच नव्हतं, तर ते लागणार कुठून? त्याची जीभ कधी बरी झाली ते कोणास ठाऊक. आम्ही सगळे जीव लावून तिच्या आड उभे होतो. मी कपाळावर हात मारून घेतला.

यांनी दिराच्या हातातून थैली घेतली आणि मूठभर मीठ कढईत टाकलं. ढवळलं. तळहातावर रस्सा घेतला. या वेळी डोळे मिटले नाहीत, उघडेच ठेवले, आणि ते भरून आले.

"लागलं," हे म्हणाले.

आणखी एक मूठ टाकली. चाखलं. "लागलं!" मग आणखी एक. दिरानं माझ्याकडे बघितलं, मी दिराकडे. भाजीचं काय होणार ते आम्हा दोघांनाही दिसत होतं, पण त्या हाताला धरायची छाती कोणाची झाली नाही. थैली रिकामी झाल्यावर यांनी ती झटकली आणि केवढ्यांदा तरी ओरडले, "बसवा पंगत!"

त्या दिवशी हे दहीभात न घेता पहिल्या ओळीत मांडी घालून बसले. नणंदेनं स्वतः वाढलं. शेजारी पाण्याचा तांब्या. यांनी पत्रावळीवरची गव्हाची बट्टी चुरली, भाजीत कालवली, घास घेतला, आणि चावता चावता थांबले. सगळी पंगत माना खाली घालून खात होती, वर्षभराच्या सवयीप्रमाणे.

"अबे," हे मोठ्याने म्हणाले, "खारट झाली!"

मागच्या ओळीतून कोणीतरी म्हणालं, "हाव भाऊ! खारट हाय!" दुसरा म्हणाला, "लय खारट हाय भाऊ!" मग बायकांच्या ओळीतून, पोरांच्या ओळीतून, वऱ्हाडातूनसुद्धा, "खारट! खारट!" वर्षभराचं गिळलेलं एकदम बाहेर आलं. ते म्हातारेबुवा उठून उभे राहिले आणि काठी आपटून म्हणाले, "त्या पौर्णिमेलेबी होती!" जेवणाला नावं ठेवताना इतकी आनंदी माणसं मी उभ्या जन्मात पाहिली नाहीत. मी तोंडाला पदर लावून हसत होते, आणि डोळ्यांचं पाणी काही थांबत नव्हतं.

हे मात्र खात होते. घास, घोटभर पाणी, पुन्हा घास. नणंद भाजीची बादली घेऊन ओळीतून परत आली तेव्हा यांनी पत्रावळ पुढं सरकवली आणि म्हणाले, "वाढ."

"दादा, खारट हाय ना?"

"हाव," हे म्हणाले. "वाढ."